श्वास चुकला

"ही बाई कोण गं बोलणारी?" एमआरआय यंत्राच्या नळकांड्यातून वैजूताईंचा आवाज आला. "श्वास घ्या, सोडा, थांबा! कवायत घेतल्यासारखं. हिला चार दिवस माझ्या वर्गात पाठवून दे."

काचेच्या अलीकडे बसलेली तंत्रज्ञ रेश्मा मुजावर खुदकन हसली. शेजारी उभ्या असलेल्या डॉ. निवेदितालाही हसू आवरलं नाही. वैजूताई तिची थोरली नणंद, नवऱ्याची, म्हणजे सुहासची, मोठी बहीण. कराडला बायकांना प्राणायाम शिकवायच्या. त्यांच्या वर्गात येणाऱ्या निम्म्या बायका गुडघ्यांसाठी यायच्या आणि उरलेल्या ताईंच्या बोलण्यासाठी. निवेदिता क्ष-किरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती तेव्हा तिच्या तान्ह्या मुलीला याच ताईंनी सांभाळलं होतं. आता त्यांच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ दिसली होती. पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडली, आणि ताई थेट भावजयीच्या सांगलीच्या रुग्णालयात येऊन दाखल झाल्या.

"ताई, ती बाई नाही, रेकॉर्डिंग आहे," निवेदिता माईकवर म्हणाली. "ती सांगते तसं करा."

इंजेक्शनच्या आधीची चित्रं रेकॉर्डिंगच्या आवाजात नीट पार पडली. मग कॉन्ट्रास्टचं औषध शिरेत सोडलं आणि ताई गडबडल्या.

"निवे, हातात गार गार काय चढतंय गं? छातीत पण येतंय."

रेकॉर्डिंग आपलं बोलतच होतं. ताईंच्या पोटावरचा श्वास मोजणारा पट्टा वेडावाकडा हलू लागला. निवेदिताने बटण दाबून तो आवाज बंद केला. घरचं माणूस आत घाबरलेलं असताना यंत्राने बोलावं, हे तिला बरं वाटलं नाही.

"ताई, मी आहे इथे. काही होत नाही. वर्गात लावता ना, तसा छान कुंभक लावा बघू."

पोट फुगलं आणि दगडासारखं स्थिर झालं. यंत्र धडधडलं, चित्रं निघाली, संपली, तरी पोट हललं नव्हतं.

"मॅडम, असा श्वास आमच्या तालमीतल्या पोरांचा टिकत नाही," रेश्मा म्हणाली.

"शाब्बास ताई!" निवेदिता माईकवर म्हणाली. "इथे आजवर असं कुणी केलं नसेल."

त्यानंतरची तपासणी दुसऱ्या, नव्या पद्धतीची होती. तिच्यात ना इंजेक्शन, ना श्वास रोखणं. "आता काही करू नका, नुसत्या पडून राहा," असं सांगितल्यावर ताईंनी "मग एवढं शिकले कशाला?" असं विचारलं आणि थोड्याच वेळात माईकमधून त्यांचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

त्या दोन पद्धतींची तुलना हेच निवेदिताचं गेल्या दोन वर्षांचं काम होतं. जुनी पद्धत वजाबाकीची. मूत्रपिंडातल्या गाठीत रक्तपुरवठा आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. कर्करोगाची गाठ रक्त पीत वाढते. नुसतीच रक्त साठलेली पुटी, म्हणजे सिस्ट, मात्र बंद डबक्यासारखी असते, तिच्यात बाहेरून काही येत नाही. पण अडचण अशी, की साठलेलं जुनं रक्त एमआरआयमध्ये मुळातच पांढरं दिसतं, आणि औषध पोचलेला भागही पांढराच. म्हणून औषधाच्या आधीचं एक चित्र घ्यायचं, नंतरचं एक घ्यायचं आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरेल ते पांढरं खरं. त्यासाठी दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसायला हवीत. मूत्रपिंड काही जागेला खिळलेलं नसतं. श्वास घेतला की ते दोन बोटं खाली सरकतं, सोडला की वर येतं. म्हणून तर ते रेकॉर्डिंग. ते दर वेळी एकाच सुरात श्वास सोडायला लावायचं आणि मगच थांबायला सांगायचं.

नव्या पद्धतीला कुणी नीटसं नाव दिलं नव्हतं. सगळे तिला 'मुद्रा' म्हणत. हृदयाकडून मूत्रपिंडाकडे निघालेल्या रक्तालाच चुंबकाने क्षणभर खूण करायची आणि ती खूण गाठीत शिरते का ते पाहायचं. शिवाय रक्त, चरबी, निरोगी पेशी, रोगट पेशी, प्रत्येकाची चुंबकाला प्रतिसाद देण्याची आपापली रीत असते, बोटाच्या ठशासारखी. तो ठसा मोजायचा. रुग्ण श्वास घेत राहतो, यंत्र त्याचं हलणं स्वतःच हिशेबात धरतं. कॉन्ट्रास्टचं औषध लघवीवाटे नदीत उतरतं आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांनाही ते गाळता येत नाही, म्हणून येत्या वर्षापासून त्याचा वापर आवळायचं सरकारने ठरवलं होतं. त्याआधी नवी पद्धत जुनीइतकी भरवशाची आहे, हे कुणीतरी दाखवायला हवं होतं.

तुलना निर्मळ राहावी म्हणून नियम कडक होते. मुद्रेचा निकाल संगणकात मोहोरबंद राहायचा. निवेदिताने जुन्या पद्धतीची चित्रं वाचायची, उपचार त्यांवरच ठरायचे. अभ्यास संपेपर्यंत मोहोर फोडायची नाही. एकच अपवाद होता: रुग्णाच्या जिवावर बेतत असेल तर प्रमुख या नात्याने ती आपला परवलीचा शब्द वापरू शकत होती.

ताईंच्या वजाबाकीच्या चित्रात गाठीच्या कडेला पांढरी कोर दिसली. चतुर्थीच्या चंद्रासारखी, स्पष्ट. निवेदिताने ती मोठी करून पाहिली, लहान करून पाहिली, आणि 'रक्तपुरवठा आहे, कर्करोगाची दाट शक्यता' असं लिहिलं. वर ताईंचं नाव होतं. पण डोळ्यांना दिसत होतं ते नाकारायचं कसं?

शल्यचिकित्सक डॉ. माणगावे तिचे शिक्षक. त्यांनी सुई घालून पाहिली. सुईत नुसतं काळपट रक्त आलं, त्यावरून काही ठरेना. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधोमध होती, तेवढीच कापून काढण्यासारखी नव्हती.

"अख्खं मूत्रपिंड काढावं लागेल," ते ताईंना म्हणाले. "आणि तुमचं उजवं लहानपणापासून आकसलेलं आहे. ते एकटं पुरणार नाही. डायलिसिस लागेल."

"कधीपर्यंत?"

"कायमचं."

ताईंनी पदर सावरला आणि निवेदिताकडे पाहिलं. "ही म्हणते का काढा म्हणून?"

निवेदिताने मान हलवली.

"मग काढा."

ताईंचा हा विश्वासच निवेदिताला झोपू देईना. शस्त्रक्रियेला दोन दिवस होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने आपल्या खोलीचं दार लावलं, परवलीचा शब्द टाकला आणि ताईंच्या निकालाची मोहोर फोडली.

पडद्यावर गाठ उमटली, निळी, थंड. खूण केलेलं रक्त तिच्या सगळ्या बाजूंनी वाहत गेलं होतं. आत एक थेंब शिरला नव्हता. खाली यंत्राचा अर्थ: जुनं रक्त साठलेली पुटी. साधी.

मग ती पांढरी कोर कुठून आली? जुन्या चित्रांबरोबर पोटावरच्या पट्ट्याचा आलेखही साठवलेला असतो. तो कुणी उघडून पाहत नसे. रेकॉर्डिंग इतकी वर्षं सगळ्यांना एकाच जागी थांबवत आलं होतं, पाहायचं कशाला? तिने तो उघडला. औषधाच्या आधी ताईंचा श्वास तळाशी थांबला होता. औषधानंतर तो शिखरावर थांबला होता. भरलेल्या घड्यासारखा. ताईंच्या वर्गात कुंभक म्हणजे पूर्ण श्वास भरून घेऊन धरणं, हे निवेदिताला लग्न होऊन घरात आल्यापासून ठाऊक होतं. मूत्रपिंड दोन बोटं खाली सरकलं होतं, वजाबाकी वाकडी पडली होती आणि चंद्रकोर उगवली होती. ती कोर निवेदिताच्या आवाजाने काढलेली होती.

तिने माणगावे सरांना फोन लावला.

"सर, ताईंची चित्रं परत पाहिली. श्वास चुकलाय."

"चुकलाय म्हणजे?"

"आधीचा आणि नंतरचा जुळत नाही. पुन्हा करून बघू या."

मराठीत ही सोय फार जुनी आहे. काच फुटते, दूध उतू जातं, श्वास चुकतो. करणारा कुणी लागतच नाही. फोन ठेवल्यावर निवेदिताला आपण काय बोललो ते कळलं. पण दुसऱ्यांदा फोन करून वाक्य दुरुस्त करावं इतकं काही ते खोटं नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं. मोहोर फोडल्याचंही ती बोलली नाही. कशाला बोलायचं? पुन्हा घेतलेल्या चित्रांत आपोआपच दिसणार होतं.

आणि तसंच झालं. या वेळी रेकॉर्डिंग बोललं, निवेदिता गप्प बसली. कोर नाहीशी झाली. शस्त्रक्रिया रद्द झाली.

सकाळी ती ताईंना घरी न्यायला वॉर्डात गेली. वाटलं होतं, ताई सगळ्या वॉर्डाला हसवत बसलेल्या असतील. त्या पाठमोऱ्या बसून पिशवीत कपडे भरत होत्या.

"चला ताई. सुहास खाली गाडी घेऊन आलेत."

"हो." ताईंनी वर पाहिलं नाही. "माणगावे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, तुमचा श्वास चुकला होता, म्हणून एवढं रामायण झालं."

निवेदिताने खुर्चीवरची शाल उचलली.

"खरं सांगू का निवे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या बायकांना शिकवते, आणि माझाच श्वास चुकावा? किती जणांना कामाला लावलं मी. तू बिचारी रात्र रात्र जागलीस म्हणे."

"ताई, तसं काही नसतं."

"असतं. कराडला गेले की वर्ग बंद करणार आहे. जिला स्वतःचा श्वास धरता येत नाही तिने लोकांना काय शिकवायचं? त्या कुलकर्णीणबाई टपूनच बसल्यात माझ्या जागेवर. घेऊ दे तिला."

निवेदिता शालीची घडी घालत राहिली. घडी झाली होती, तरी ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. एक वाक्य होतं, अगदी छोटं. ते गाडीत बोलू, सुहाससमोर नको, घरी गेल्यावर बोलू. ताईंना आधी चहा घेऊ दे.

"आणि हे बघ," ताई पिशवीची चेन ओढत म्हणाल्या, "सुरेखाचंही तेवढं नीट पाहिलंस ना?"

"कोण सुरेखा?"

"अगं, ही शेजारच्या खाटेवरची. तासगावची कोरे. तुझ्याकडेच तर होती तपासायला, माझ्या दुसऱ्या दिवशी. किती घाबरली होती पोर! मीच तिला आदल्या संध्याकाळी कुंभक शिकवला. म्हटलं, टोचलं की लगेच असा भरून घ्यायचा आणि धरायचा, डॉक्टरीणबाई शाब्बास म्हणतात. छान जमला बरं तिला." ताईंनी पिशवी खाली ठेवली. "आता माझाच चुकीचा म्हटल्यावर तिलाही मी चुकीचंच शिकवलं असणार ना?"

निवेदिताने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. चादर ताणून बसवलेली होती. उशीवर लहान मुलीचं रबरबँड पडलं होतं.

"कुठे आहे ती?"

"मघाशीच नेलं की. आज तिचं ऑपरेशन. तिची आई बसलीये खाली. मी आता तिच्यापाशीच..."

निवेदिता वाक्य संपायची वाट न पाहता निघाली. जिन्यावर तिला कोरेंची चित्रं आठवली. तिनेच वाचली होती ती. डावीकडे गाठ, आत जुन्या रक्ताचा पांढरेपणा, वजाबाकीनंतर पुन्हा पांढरा. 'रक्तपुरवठा आहे.' ताईंचा आलेख पाहिल्यावर बाकीच्यांचे आलेख पाहायला एक तासही लागला नसता. तिच्या मनातच आलं नाही. खरं तर आलं होतं, आणि तिने ते बाजूला सारलं होतं. सगळ्यांचे आलेख मागवले असते तर 'का' असं कुणीतरी विचारलं असतं.

शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत माणगावे सर हात धूत होते. काचेपलीकडे शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे बाहू हिरव्या कापडावर येऊन थांबले होते.

"सर, थांबा."

"भूल दिली आहे, निवेदिता."

"चाकू लावू नका. हिचाही श्वास..." ती अडखळली. "ताईंचा श्वास चुकला नव्हता सर. मी चुकवला. मी रेकॉर्डिंग बंद करून माईक घेतला आणि त्यांना श्वास भरून धरायला सांगितलं. त्यांनी तेच हिला शिकवलं. हिची चित्रंही भरवशाची नसणार."

सरांनी नळ बंद केला.

"तुला हे कधी कळलं?"

"परवा. ताईंची मोहोर फोडली तेव्हा."

"मोहोर फोडलीस." ते रागावले नाहीत. वर्गात चुकीचं उत्तर आलं की विचारायचे तशा शांत आवाजात त्यांनी विचारलं, "नणंदेची फोडलीस, तेव्हा बाकीच्यांची का नाही फोडलीस?"

निवेदिताने काचेपलीकडच्या हिरव्या कापडाकडे पाहिलं.

"आता फोड," ते कोपऱ्यातल्या संगणकाकडे हनुवटीने खूण करत म्हणाले. "मी उभा आहे."

तिने परवलीचा शब्द टाकला. आधी तिने पट्ट्याचा आलेख काढला. होता तसाच: आधी तळाशी, नंतर शिखरावर. रेकॉर्डिंगकडे लक्ष न देता सुरेखा कोरेने ताईंची शिकवण तंतोतंत पाळली होती. वजाबाकी वाकडी होती. 'रक्तपुरवठा आहे' हे निवेदिताचं वाक्य हवेत लटकत होतं. आतमध्ये एक लेकुरवाळी बाई त्या वाक्यावर भरवसा ठेवून झोपली होती.

तिने मुद्रेचा निकाल उघडला. चित्र उमटायला वेळ लागत होता. निळं, ती मनात म्हणाली, निळं नको. निळं असेल तर आपण हिला इथवर आणून झोपवलं. भूल, पोटावर आखलेली रेघ, घरी वाट पाहणारी मुलगी, सगळं आपल्या एका शब्दावरून. निळं नको.

खूण केलेलं रक्त मूत्रपिंडात शिरलं, गाठीपाशी आलं आणि आत घुसलं. गाठ आतून लाल होत गेली, कडेपासून मध्यापर्यंत. खाली ठसा जुळवून यंत्राने नाव दिलं होतं. तेच नाव, ज्याच्यासाठी मूत्रपिंड काढतात.

सर तिच्या खांद्यावरून पाहत होते.

"वाहतंय रक्त."

"हो सर."

"म्हणजे काढायचंच."

"हो."

"बाकीचं आपण नंतर बोलू," ते म्हणाले. पुन्हा हात धुवायला लागले आणि मग आत गेले. काचेपलीकडे यंत्राचे बाहू खाली वाकले.

निवेदिता भिंतीला टेकली. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून ठेवला होता. बरोबर निघालं. वजाबाकी चुकली तरी उत्तर बरोबर निघालं. आपल्यामुळे कुणाचं काही गेलं नाही. आता ताईंना सांगता येईल, चूक माझी होती, आणि वर्ग बंद करू नका. सरांशी बोलता येईल. सगळ्यांचे आलेख काढता येतील. तिने मोठा श्वास सोडला, टोपी काढली आणि दार ढकलून बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर ताई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एका म्हाताऱ्या बाईचा हात होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. सुरेखाची आई. तिची नजर दाराला लागलेली होती. निवेदिता दिसताच ती उठली. ताईंनी तिला सगळं सांगितलं असावं: डॉक्टरीणबाई का पळत गेली, काय पाहायला गेली.

म्हातारीने निवेदिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा स्वतःचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळत गेला.

"साधी निघाली व्हय?"

निवेदिता बोलायला गेली.

"सांगू नगा, कळलं मला," म्हातारी म्हणाली. तिने पुढे होऊन निवेदिताच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तोंडावरच दिसतंय की, माझे बाय."

मागे ताई डोळे पुसत हसत होत्या. निवेदिताने हात वर नेऊन स्वतःचा गाल चाचपला. ती खरंच हसत होती.